सर साचे, मी खोटी

नव्याने सुरतेत येणाऱ्या मराठी माणसाला मी फारसे सल्ले देत नाही. रिक्षावाल्याशी कसं बोलायचं, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल कशी चुकवायची, हे शहर त्याला आपोआप शिकवतं. मी फक्त एका शब्दाची ताकीद देतो. 'खोटं.' कोणी तुम्हाला "तुम्ही खोटे आहात" म्हणालं, तर बाह्या सरसावू नका. आपल्याकडे खोटा म्हणजे लबाड. गुजरातीत 'खोटो' म्हणजे चुकलेला सुद्धा, आणि 'साचो' म्हणजे खरा, बरोबर असलेला. गणित चुकलं तर ते खोटं, गल्ली चुकली तर ती खोटी, आणि मन दुखावलं तर 'खोटं लागलं'. सुरतेत वाढलेला मराठी माणूस हे सगळं जसंच्या तसं उचलून मराठीत आणतो आणि आम्ही नाशिककर मंडळी उगाच लाल होतो.

मी स्वतः लाल झालोय. मला लाल केलं ते प्रमिलाबेन सोनवणे यांनी.

बेन मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मी तिथे नोकरीला लागलो तेव्हा त्यांची निम्मी नोकरी झालेली होती. माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं, जन्म मात्र सुरतेचा. लहानपण अशा गल्लीत गेलं, जिथे प्रत्येक घराला लागून माग चालायचे. त्या खडखडाटात माणसं मोठ्याने बोलायला शिकतात आणि पुढे माग बंद झाले तरी आवाज तेवढाच राहतो. बेन "पाणी दे गं" म्हणाल्या की पलीकडच्या वर्गातल्या मुली पाणी घेऊन यायच्या. उंची बेताची, पदर खोचलेला, चष्मा गळ्यातल्या दोरीला. नवरा सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी कारखान्यात पाळीवर जायचा. अतिशय शांत माणूस. मला वाटायचं, बिचाऱ्याला घरी बोलायला मिळत नसेल. पुढे कळलं की त्या घरात भांडणात पहिली पाळी त्याचीच असायची. तसा बेनचा नियमच होता.

नियम आणखीही होते. पहिला मला पहिल्याच दिवशी लागू झाला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले होते. मी नवा, तोंडाळ, चार लोकांत हशा मिळवायची सवय असलेला. मी म्हणालो, "सुरतेचं सगळं जेवण गोड बुवा! इथे मिठाच्या डब्यातसुद्धा साखर भरतात की काय!"

हशा मिळाला. कोपऱ्यातून आवाज आला, "बस."

मी बघितलं. बेन एका स्टुलावर बसल्या होत्या आणि समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवत होत्या.

"बसतो की, पण काय झालं?"

"मला तुझं पटलं नाही. उभ्याने भांडू नये. उभ्या माणसाला निघायची घाई असते."

मी बसलो. खोलीतले बाकीचे शिक्षक भराभर डबे आवरू लागले, त्यावरून मला पुढचा अंदाज यायला हवा होता.

"कुठं कुठं जेवलास?"

"स्टेशनजवळच्या खाणावळीत."

"आणि?"

"आणि काय? तिथेच. सध्या तिथेच जेवतो."

"मग त्या खाणावळीचं वरण गोड आहे. सुरत मोठी आहे, भाऊ. जेवढं चाखलं तेवढं बोल."

झालं. माझा विनोद त्यांनी इस्त्री करून, घडी घालून माझ्याच हातात दिला. मी मनात म्हटलं, ही बाई जड जाणार.

काही दिवसांनी मी वर्गात पाढे घेत होतो. दार उघडलं. बेन आत आल्या आणि साठ पोरांसमोर त्यांच्या त्या मागाच्या आवाजात म्हणाल्या, "अविनाश, मी खोटी!"

मी गोंधळलो. काय खोटं बोलल्या या? कोणाशी?

"काल कामरेजला लग्नाला गेले होते. कढी गोड, डाळ गोड, वांग्याची भाजी पण गोड. तुझं अगदीच चुकीचं नव्हतं. चालू दे तुझं." आणि गेल्या.

चूक कळली की ती ताबडतोब, जिथे असेल तिथे जाऊन सांगायची, ही बेनची रीत. संध्याकाळपर्यंत सुद्धा ठेवायची नाही. कबुलीला शिळेपणा येतो म्हणे. त्यामुळे त्यांच्याशी वाद जिंकणं हे हरण्यापेक्षा गैरसोयीचं होतं. एकदा मुख्याध्यापकांना त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत गाठून, गालाला साबण लागलेला असताना, "तुमचं बरोबर होतं" असं सांगितलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बेन, मला आता मान हलवता येत नाही, पण पोचलं."

मी बेनना संत करत नाहीये. त्या दमवायच्या. चहा थंड व्हायचा, घंटा व्हायची, तरी "नाही, पण तू स्वतः बघितलंस का?" चालूच. समोरच्याने "लोक म्हणतात" असं म्हटलं की त्या दाराकडे बघायच्या, जणू ते लोक आता आत येतील. आणि भांडायच्या समोरच्याच्या भाषेत. भाजीवाल्या खानदेशी बाईशी अहिराणीत, शेजारच्या गुजराती काकींशी गुजरातीत, आमच्या शिपायाशी हिंदीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "भांडायला त्याच्या अंगणात जावं. आपल्या अंगणात बोलावलं तर तो अर्धा वेळ चपला कुठं काढू हेच बघतो."

अशा या बेनच्या समोर एके दिवशी साताऱ्याहून कदम सर येऊन उभे राहिले.

कदम सर म्हणजे ताठ कणा, झुपकेदार मिशा, शुद्धलेखनात एक वेलांटी चुकली तरी जेवण न जाणारे. नोकरी तात्पुरती, जीव गावात अडकलेला. गुजरातीचा गंध नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बेनना हाक मारली, "बाई, जरा खडू द्या."

शिपायाच्या हातून कपबशी निसटता निसटता राहिली. साताऱ्याच्या शाळेत 'बाई' म्हणजे गुरुजींच्या बरोबरीचा मान. सुरतेत 'बाई' म्हणजे धुणीभांडी करणारी. शिपायाने सरांना बाजूला घेऊन समजावलं. सर घामाघूम होऊन बेनकडे आले. म्हणाले, "माफ करा, मला ठाऊक नव्हतं. मी आपल्याला बेन म्हणेन."

बेन म्हणाल्या, "तुमच्या तोंडात मान होता ना? मग बाईच म्हणा. माझे कान मी दुरुस्त करून घेईन."

तेव्हापासून त्यांना बाई म्हणणारे सुरतेत एकटे कदम सर.

आता पोपट. चौथीच्या मराठीच्या पेपरात प्रश्न होता, पोपटाचा रंग कोणता? एका मुलीने लिहिलं, 'लीला'. गुजरातीत लीलो म्हणजे हिरवा. कदम सरांनी लाल शाईने शून्य दिलं आणि पुढे लिहिलं, 'ही कोण?'

तो पेपर बेननी पाहिला आणि स्टूल ओढलं.

"सर, बसा."

"बाई, मराठीचा पेपर आहे. उत्तर मराठीत हवं."

"पोपट सुरतेचा आहे."

"पोपट कुठलाही असो, पेपर माझा आहे!"

"तिने पोपट बघितला, रंग ओळखला. डोळे बरोबर, शब्द शेजारणीचा. त्याला शून्य कसं?"

"मग उद्या गणितात बारा लिहायच्या जागी 'बार' लिहिलं तर?"

"तर बेरीज बरोबर आली का ते बघा!"

हे भांडण किती दिवस चाललं ते विचारू नका. आम्ही डबे व्हरांड्यात खायला लागलो होतो. आणि याच भांडणाच्या भरात वरून एक साहेब शाळा बघायला आले. गुजराती साहेब, जाड भुवया, मोजकं बोलणं. ते शिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा तिथे फक्त बेन आणि कदम सर होते. मी बाहेर पोरांना स्वागतगीताच्या रांगेत उभं करत होतो. आत असतो तर ही गोष्ट घडलीच नसती, कारण मला तोवर कामापुरतं गुजराती यायला लागलं होतं.

साहेबांनी टेबलावरचा तो पेपर उचलला, गुजरातीत काहीतरी विचारलं आणि पेपर पुन्हा ठेवला. बेन उठून टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सर साचा छे, हुं खोटी छुं." साहेबांनी मान डोलावली आणि ते बाहेर आले. पोरांनी गीत म्हटलं. साहेब गेले. संपलं.

निदान मला तसंच वाटत होतं. मात्र त्या दिवसापासून कदम सर बदलले. गावी परत जायचं म्हणून त्यांनी वळकटी बांधून ठेवली होती, ती सोडली. बायकोला बोलावून घेतलं. बिऱ्हाड केलं, नोकरी कायम झाली, मुलं सुरतेत शिकली. वादात आवाज चढला की मध्येच थांबायचे, समोरच्याचं ऐकायचे. पोरांच्या पेपरात परका शब्द आला तर शून्य न देता शेजारी मराठी शब्द लिहून द्यायचे. आणि दर वर्षी दसऱ्याला बेनना सोनं देताना म्हणायचे, "बाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

बेन म्हणायच्या, "अहो, त्यात काय एवढं!"

मध्ये किती तरी वर्षं गेली. मी शाळा सोडून साड्यांच्या धंद्यात पडलो. बेन निवृत्त झाल्या. यंदा कदम सर निवृत्त झाले आणि त्यांनी ठरवलं, आता कायमचं साताऱ्याला. शाळेने निरोप समारंभ ठेवला. शहरातल्या कुठल्याही मराठी समारंभात माइक हातात असलेला जो गृहस्थ दिसतो तो मीच असतो, त्यामुळे सूत्रसंचालन माझ्याकडे. चार रंगतदार आठवणी हव्यात म्हणून मी सरांकडे गेलो, आणि त्यांनी मला दाराला कडी लावून ती गोष्ट सांगितली.

त्यांचं म्हणणं असं. बेनशी भांडून भांडून त्यांना बेनचं पटलं होतं. त्यांनी गुपचूप ते शून्य खोडून एक गुण दिला होता. तपासलेल्या पेपरावर खाडाखोड, आणि नोकरी तात्पुरती! नेमका तोच पेपर साहेबांनी उचलला. भुवया चढवून विचारलं, हे कोणी केलं? तेवढ्यात बेन पुढे झाल्या आणि म्हणाल्या, सर सच्चे आहेत, खोटी मी आहे.

"अविनाशराव," सरांचे डोळे भरले होते, "जी बाई खऱ्यासाठी साऱ्या शाळेशी भांडायची, तिने माझ्यासाठी स्वतःला लबाड म्हणवून घेतलं. त्या दिवशी मी ठरवलं, हे गाव सोडायचं नाही. हे मी परवा सगळ्यांसमोर सांगणार. बाईंना आधी बोलू नका."

मला न बोलता राहवतंय होय! मी तिथून थेट बेनकडे.

बेन मेथी निवडत होत्या. गोष्ट ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"हे झालंच नाही रे!"

"म्हणजे?"

"साहेबांनी विचारलं, 'लीलाने मराठीमां शुं कहेवाय?' हिरव्याला मराठीत काय म्हणतात, एवढंच! मी आदल्या दिवशी त्या पोरीला विचारलं होतं, हिरवा म्हणजे काय गं? तिला माहीतच नव्हतं. साहेबांनी तेच विचारलं तेव्हा मला उमगलं, मी गुणासाठी भांडतेय आणि शब्द कोणी देतच नाही तिला. सरांचं बरोबर. म्हणून रंगाचं नाव सांगायचं सोडून म्हणाले, सर साचे, मी खोटी. भांडणात चुकले, असं. बाकी काही नाही."

"आणि ते दर दसऱ्याचे उपकार?"

"मला वाटायचं, भाकरीबद्दल म्हणतात. एकटे होते तेव्हा मी डबा द्यायचे ना."

मी इतका हसलो की मेथीत पडायचा बाकी होतो. बेन हसल्या नाहीत. मी म्हणालो, "बेन, राहू द्या ना. चार-दोन दिवसांचा प्रश्न आहे. सर बोलतील, टाळ्या पडतील, तुम्हाला शाल मिळेल. इतकी छान गोष्ट आहे."

"छान आहे. पण ती मी नाही."

"त्यांनी आख्खं आयुष्य त्या गोष्टीवर काढलंय."

"तेच तर." बेननी निवडलेली मेथी पुन्हा काड्यांत मिसळून टाकली, त्यांच्या लक्षातही आलं नाही. "सांगितलं तर त्यांची ती गोष्ट जाणार. नाही सांगितलं तर ते साताऱ्याला दुसरीच कोणी बाई घेऊन जाणार, माझं नाव लावून. मग आमच्या दोघांत आतापर्यंत होतं ते काय होतं?" मग मेथीचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, "सगळ्यांसमोर नको. आत्ता चल. स्कूटर काढ."

पर्वत पाटिया नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर सरांचं घर. निम्मं सामान बांधलेलं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होत्या. बेन धापा टाकत आल्या आणि दोरीने बांधलेल्या गादीवर बसल्या. सरांना हा इशारा बरोबर कळला. तेही समोरच्या खोक्यावर बसले.

"काय पटलं नाही, बाई?"

बेननी सांगितलं. साहेबांचं वाक्य, आपलं वाक्य, त्याचा अर्थ. सरळ, एकही शब्द न वाढवता.

वहिनींच्या हातातला कागद वाजायचा थांबला.

"बाई, तुम्ही विसरलात," सर म्हणाले.

"खूप काही विसरले. हे नाही."

"मी साहेबांचा चेहरा बघितला होता! काय त्या भुवया!"

"मी त्यांचं वाक्य ऐकलं होतं."

"अहो, पण मी ही गोष्ट साऱ्या गावाला सांगितलीय. भावकीत सांगितलीय. सून बघायला गेलो, तिथेसुद्धा सांगितली."

"तिथे दोनदा सांगितली," वहिनी म्हणाल्या.

सरांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "मग मी इथे कशासाठी राहिलो, बाई? वडील गेले तेव्हा मी इथे. जमीन भावाने कसली, मी इथे. कशासाठी?"

बेननी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता काहीतरी थोर वाक्य येणार. मी ते समारंभात वापरायच्या तयारीत होतो.

"मला काय ठाऊक, सर," बेन म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, भाकरीसाठी."

वहिनी फस्सकन हसल्या, मीही हसलो. सर हसले नाहीत. खोक्यावरची दोरी बोटाला गुंडाळत बसून राहिले. मग म्हणाले, "समारंभ होऊ द्यायचा होता. मी गेल्यावर फोन केला असता तरी चाललं असतं."

"खोटं लागलं, सर?"

इतक्या वर्षांत सरांना सुरतेचं मराठी पुरतं कळत होतं.

"लागलं," ते म्हणाले.

जिन्यात बेन मधल्या पायरीवर बसल्या. गुडघे दुखत होते की आणखी काही, कोण जाणे. "अविनाश, मी उगाच बोलले का?"

"उगाच बोललात, बेन. म्हाताऱ्या माणसाचं खेळणं काढून घेतलंत."

मला वाटलं, भांडतील. भांडल्या नाहीत. "असेल," म्हणाल्या आणि कठड्याला धरून उठल्या.

समारंभाच्या दिवशी माझी काय अवस्था होती ते मलाच माहीत. दिवाणखान्यात सुनेसमोर दोनदा सांगितलेली गोष्ट सर आज सांगतात का गिळतात? बेन पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसलेल्या, सर फेटा बांधून व्यासपीठावर. दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलेलं. शाळेचं मोठं दालन जुन्या विद्यार्थ्यांनी भरलेलं. कोणी साड्यांच्या दुकानातून आलेलं, कोणी पाळी बदलून.

सर बोलायला उठले. गाव, वळकटी, पोपट, 'ही कोण?', सगळं रंगवून सांगितलं. लोक हसत होते. मग साहेब आले. साहेबांनी पेपर उचलला. सर थांबले. मी माइकचा दांडा घट्ट धरला.

"साहेबांनी कडक आवाजात विचारलं," सर म्हणाले, "की हिरव्याला मराठीत काय म्हणतात."

सभागृहाला काही कळेना.

"मला गुजराती येत नव्हतं. मला वाटलं, नोकरी गेली. बाई म्हणाल्या, हुं खोटी छुं. मला वाटलं, माझ्यापायी या बाईंनी लबाडीचा डाग घेतला. म्हणून मी राहिलो. घर केलं, मुलं वाढवली. परवा बाई घरी येऊन सांगून गेल्या, तसं काही नव्हतंच. म्हणजे बघा, एक शब्द कळला नाही म्हणून माणूस आयुष्यभर सुरतेत राहतो!"

असा हशा मी माझ्या उभ्या कारकिर्दीत मिळवलेला नाही. मागचे लोक उठून टाळ्या वाजवत होते. सरांनी फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले. "तुम्ही आता हसा," ते म्हणाले, "मी गाडीत हसेन."

मी बेनना बोलावलं. त्या व्यासपीठावर आल्या, मी माइक पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. खुर्ची मागितली. मागच्या रांगांतून कुजबूज उठली, "बेन बसताहेत! बेन बसताहेत!" जुन्या विद्यार्थ्यांना अर्थ ठाऊक होता.

"मला सरांचं पटत नाही," बेन म्हणाल्या.

सर खुर्चीत ताठ झाले.

"वाक्याचं मी सांगितलं ते बरोबर. साहेबांनी तेवढंच विचारलं. आजही तेच सांगते. पण सर म्हणाले, चेहरा बघितला. घरी जाऊन मी तो चेहरा आठवायला लागले, तर आठवेना. का आठवेना? कारण मी बघितलाच नाही. मी टेबलाकडे बघत होते. तिथे सरांनी केलेली खाडाखोड मला दिसत होती." त्यांनी तळवा समोर धरला. "आणि मी तिच्यावर हात ठेवून उभी होते."

सर खुर्चीच्या कडेला सरकले.

"हात का ठेवला, ते आठवत नाही. सरांना वाचवायचं होतं का? असेल. टेबलाचा आधार घेतला असेल. आता इतक्या वर्षांनी चांगलं कारण लावणार नाही मी. साहेब पुढे काय विचारणार होते, तेही मला माहीत नाही. पण परवा मी सरांना म्हणाले ना, तसं काहीच नव्हतं म्हणून? ते 'काहीच' चुकलं. तेवढं मी परत घेते."

"बघा!" कदम सर फेट्यासकट उठले. "मी काय सांगत होतो! हात! हात होता!"

"हाताचं म्हणतेय मी. त्यागाचं नाही म्हणत!"

"हात म्हणजे काय कमी झालं?"

"सर, बसा आधी!"

पुढचे तीन वक्ते बाकी होते. त्यांची नावं मी पुकारलीच नाहीत. काय उपयोग होता?

सर साताऱ्याला गेले. मी कामात अडकलो. परवा साड्यांचा एक गठ्ठा पोचवायला पर्वत पाटियाच्या चौकात गेलो होतो, तिथे बेन दिसल्या. रस्ता ओलांडायला कडेला उभ्या, फोन कानापासून हातभर लांब धरलेला. त्यांचा आवाज वाहनांच्याही वर येत होता.

भांडण लोचोवरून होतं. लोचो म्हणजे सुरतेचा तो वाफवलेला, ओलसर, विस्कटलेला पदार्थ. नावाचा अर्थच मुळी गोंधळ. तो खमणासारखा फुगून घट्ट झाला तर लोचो नव्हेच. सरांना साताऱ्यात सुरतेची आठवण आली होती आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लोचो केला होता.

"वड्या पडल्या म्हणता? सुरीने? मग तो लोचो नाही, सर! खमण झालं ते!"

फोनमधून कदम सर काहीतरी गरजले.

"अहो, पण मी इथून कसं सांगू? मी काही चाखलेला नाही. तुम्ही एक घास घ्या आणि सांगा. ओला लागतो का? सावकाश खा. मी आहे."

गाड्या थांबल्या होत्या, माणसं रस्ता ओलांडत होती. वाहतुकीच्या पोलिसाने बेनना 'चला मावशी' म्हणून हात केला. बेननी त्याला बोटानेच थांबवलं. फोन आता कानाला घट्ट लावलेला, डोळे मिटलेले. तिकडे साताऱ्यात कदम सर चावत होते, आणि इकडे त्या एवढ्या चौकात बेन एक शब्द न बोलता वाट बघत उभ्या होत्या.